माती कधी येते?

जपानमधल्या सेंदाई शहरात, टेकडीवरच्या त्या लाकडी घरात सकाळ आधी कानांना कळायची. पहिला आवाज वेसचा. डोळे उघडताच तो खोलीतूनच मोठ्याने "गुड मॉर्निंग" म्हणायचा. ते आम्हाला उद्देशून असायचं की समोरच्या भिंतीला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग जिन्यावर ब्रॉनची धपधप पावलं आणि लगेच खालून तिनं किटलीला हासडलेली शिवी. किटली बिचारी चांगली होती. ब्रॉन आवडत्या वस्तूंनाच शिव्या द्यायची. त्यानंतर माझा आवाज, म्हणजे पोळ्या लाटण्याचा. पोळपाट म्हणून घरमालकीणबाईंनी मला मासे कापायची एक फळी दिली होती, ती मी चार वेळा घासून, वर उकळतं पाणी ओतून शुद्ध करून घेतली होती. लाटणं मात्र आईनं सेलूहून ट्रंकेत घालून दिलेलं. हल्ली माझा भाचा तोक्योत निशी-कसाईला राहतो. त्याच्या घराजवळच्या दुकानात ज्वारीचं पीठ, मेतकूट, गोडा मसाला सगळं मिळतं, आणि त्याची मुलगी "भाकरी नको" म्हणते तेही जपानीतून. आमच्या वेळी सेंदाईत मैद्यापेक्षा जरासं तपकिरी पीठ मिळालं की मला सण वाटायचा.

आम्ही तिघेही ओनोदेरा-सेनसेईंच्या मातीच्या प्रयोगशाळेत शिकत होतो. सेनसेई म्हणजे गुरुजी. तिकडे प्राध्यापकांच्या नावापुढे तेच लावतात. वेस अमेरिकेतला, नेब्रास्का नावाच्या मक्याच्या मुलखातला. उंच, लालसर, शर्टाची सगळी बटणं लावलेली. ब्रॉन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या शेतावर वाढलेली. तिच्या घरापासून शेजाऱ्यांचं घर बावीस किलोमीटर. जपानला येण्यापूर्वी मी समजत होते की गोरे लोक सगळे सारखेच, इंग्रजी बोलणारे आणि ब्रेड खाणारे. या दोघांनी तो समज पहिल्याच दिवशी मोडला. वेसनं माझं नाव विचारलं, "कुसुम, कुसुम" असं चारदा म्हणून पाहिलं, "बरोबर येतंय ना?" असं विचारून घेतलं आणि खिशातल्या वहीत लिहून ठेवलं. ब्रॉननं नाव ऐकलं आणि म्हणाली, "लांब आहे. कझ चालेल." तीन अक्षरं हिला लांब! मला राग आला. वेस किती सभ्य आणि ही किती उद्धट, अशी दोघांची वाटणी मी मनात त्याच दिवशी करून टाकली.

खरं तर नाव कापलं जाण्याची मला सवय असायला हवी होती. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, मला जन्मभर 'कुसे' म्हणाले. सेलूच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, आमची पिठाची गिरणी होती. अण्णा चौथी शिकलेले. पीठ पडत असताना ते अंगठा आणि तर्जनीत चिमूट धरून चोळायचे आणि दगड किती सैल करायचा, किती आवळायचा ते ठरवायचे. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, बोटांवर होता. आणि कुणाचं तोंडावर कौतुक करायचं नाही हा त्यांचा कायदा. मी दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा त्यांनी गिरणी बंद ठेवून सगळ्या मोंढ्यात पेढे वाटले, आणि मला म्हणाले, "कुसे, गणितातले सात मार्क कुठं गेले गं?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. शिष्यवृत्तीवर परभणीचं शेतकी कॉलेज, शिष्यवृत्तीवरच जपान. कुणाकुणाचे हात पाठीवर होते ते मी आजही मोजू शकत नाही, आणि त्या वयात तर ते ऋण मी अक्षरशः उरावर घेऊन फिरत होते.

माझी शिष्यवृत्ती दोन वर्षांची होती आणि त्यातलं दीड वर्ष संपलं होतं. पुढे डॉक्टरेटला ठेवून घ्यायचं की मार्चअखेर परत पाठवायचं, हे सेनसेईंच्या हातात होतं. ते कशावरून ठरवणार हे त्यांनी सांगितलं नव्हतं. होक्काइदो बेटावर ओबिहिरो नावाच्या शेतीच्या गावी मातीवाल्यांची परिषद भरणार होती, तिथे मला बारा मिनिटं बोलायचं होतं. त्याबद्दल एक दिवस ते एवढंच म्हणाले, "तुमचं ओबिहिरोचं बोलणं ऐकू या. मग पाहू." परत गेले असते तर माझं काही उपाशी मरण नव्हतं. परभणीला नोकरी लागली असती, मामांनी दोन स्थळं बघून ठेवलीच होती. पण माझा प्रश्न अर्धवट राहिला असता. आमच्या मराठवाड्याची माती काळी आणि सेंदाईच्या आजूबाजूची ज्वालामुखीच्या राखेतून झालेली मातीही काळी. फोटोत शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. पण आमची जड, चिकट, वाळली की वीतभर फाटणारी. आणि ही पिठासारखी हलकी, न फाटणारी. असं का, हे मला शोधायचं होतं. सकाळी उठल्यापासून डोक्यात दुसरं काही नसायचं.

सेनसेई आणि जपानी विद्यार्थी रेल्वेनं आणि विमानानं जाणार होते. आम्हा तिघांकडे एक कामगिरी आली. प्रयोगशाळेत जमिनीचे उभे छेद होते: शेतात माणूसभर खोल खड्डा खणून त्याच्या भिंतीवरची माती, थरांसकट, जशीच्या तशी लाकडी चौकटीत चिकटवून आणलेली. अशा तीन चौकटी ओबिहिरोच्या प्रदर्शनात मांडायच्या होत्या आणि पार्सलनं पाठवल्या तर माती झडेल अशी सेनसेईंना धास्ती. म्हणून प्रयोगशाळेची पांढरी व्हॅन, दोन दिवसांचा रस्ता, मध्ये समुद्र ओलांडायला बोट. गाडी वेस आणि ब्रॉन आलटून पालटून चालवणार. मला फक्त सायकल येत होती, म्हणून मी चौकटींची राखणदार.

इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानंतरही झाला नव्हता. सेलूहून परभणीला एस.टी.नं जायचं तर आई आदल्या दिवशी दशम्या करायची, मग दोन दिवसांच्या प्रवासाला किती करायच्या? मी छत्तीस केल्या. दुधात भिजवलेल्या, वर तीळ, शिवाय डबाभर शेंगदाण्याची चटणी. वेसनं रस्त्याचं वेळापत्रक केलं. कुठल्या गावी किती वाजता, कुठे पेट्रोल, कुठे बाथरूम. ब्रॉननं काहीच केलं नाही, फक्त वीस लिटरचा पाण्याचा कॅन भरून गाडीत चढवला.

"अगं, या देशात शंभर पावलांवर थंड पेयांचं यंत्र असतं," वेस म्हणाला.

"आणि ते बिघडलं तर?"

"शंभर पावलांवर दुसरं."

"तेही बिघडलं तर तू येशील माझ्याकडे. तेव्हा मी विचार करीन," ब्रॉन म्हणाली आणि कॅनला दोरी बांधू लागली. पाण्याशिवाय गाडी घराबाहेर काढायची नाही, हे तिच्या घरी मुलांना चालण्याआधी शिकवत असावेत.

निघतानाच पहिला खटका उडाला. पहिला टप्पा ब्रॉनचा. मी चौकटींना धरून मागे बसले. मला मदत म्हणून वेसही मागे येऊन बसला. ब्रॉननं इंजिन बंद केलं. "एकजण पुढे या."

"काय झालं?"

"दोघं मागे आणि मी एकटी पुढे? मी काय तुमची ड्रायव्हर आहे?"

"तूच तर चालवते आहेस," वेस गोंधळून म्हणाला. त्याला खरंच कळेना. मलाही कळलं नाही. आमच्याकडे तर मान असलेला माणूस मागे बसतो. ब्रॉननं सांगितलं की त्यांच्याकडे टॅक्सीत बसलं तरी एकटा माणूस ड्रायव्हरच्या शेजारी पुढे बसतो, नाहीतर ड्रायव्हर मनात म्हणतो, कोण हा मोठा लागून गेला. वेस पुढे गेला. गाडी निघाली. हमरस्त्याच्या टोलनाक्यावर त्यानं नाक्यावरच्या काकांना खिडकीतून वाकून सुप्रभात, आभार, दिवस चांगला जावो असं तीन मजली जपानी ऐकवलं. ब्रॉन मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवायची. तेवढंच. एक बोट, अर्धा इंच. तिच्या गावाकडे तासाला एखादी गाडी दिसते, तिला नमस्कार म्हणून. इथे मिनिटाला वीस गाड्या, तरी बाईचं बोट थांबेना.

वेस चालवायला बसला की निराळी गंमत. त्याच्या देशात गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि वळायच्या दिव्याची दांडी डावीकडे असते. इथे सगळं उलटं. त्यामुळे लख्ख ऊन असताना, प्रत्येक वळणाला, आमच्या व्हॅनच्या काचेवर वायपर खर्रखर्र नाचायचे. "बघ, वेस वळतोय," ब्रॉन म्हणायची. "काच इतकी स्वच्छ आमच्याकडे लग्नालाही नसते." वेस हसायचा, सॉरी म्हणायचा आणि पुढच्या वळणाला पुन्हा वायपर. थोड्या वेळानं घड्याळ पाहून त्यानं आनंदानं जाहीर केलं, "आपण वेळापत्रकाच्या अकरा मिनिटं पुढे आहोत!"

"मस्त. मग थांबू आणि त्या अकरा मिनिटांचा चहा पिऊ," ब्रॉन म्हणाली.

वेसचा चेहरा असा झाला की जणू तिनं त्याची बचत उधळायला मागितली. पण थांबलो. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली, कापलेल्या पेंढ्या काठ्यांवर वाळत घातलेल्या, माणसं रांगेत उभी असल्यासारख्या. आम्ही व्हॅनचं मागचं दार उघडून दशम्या काढल्या. वेसनं त्यावर पीनट बटर थापलं आणि डोळे मिटून म्हणाला, "कुसुम, माझ्या आयुष्यातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे." ब्रॉननं तिच्या देशातला काळा खारट लेप दशमीला फासला, चावली, विचार केला आणि म्हणाली, "बरी आहे." मग तिनं पाच खाल्ल्या. वेसनं दोन. हे मी तेव्हाही पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता.

मोरिओका मागे पडलं, डावीकडे इवाते पर्वत दिसायला लागला आणि वेस म्हणाला, "कुसुम, आता ऐकव की तुझं भाषण." मी वाटच बघत होते. भाषण माझं पाठ होतं. इंग्रजीत हातानं लिहिलेली एकोणीस पानं, स्वल्पविरामांसकट तोंडपाठ. शाळेत मी वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात कप मिळवला होता आणि मराठीच्या सरांनी शिकवलेलं सगळं मला आठवत होतं: आधी व्यासपीठाला वंदन, मग विषयाची पार्श्वभूमी, कुठे आवाज चढवायचा, कुठे हात पुढे करायचा, आणि शेवट असा की टाळी पडलीच पाहिजे. व्हॅनच्या मागच्या सीटवर, एका हातानं चौकट धरून, दुसरा हात पसरून मी सुरुवात केली. सन्माननीय अध्यक्ष, विद्वान प्राध्यापकवर्ग आणि मित्रहो. मग ज्या सरकारनं मला बोलावलं त्याचे आभार, सेनसेईंचे आभार, परभणीच्या गुरुजनांचे, अण्णांचे आणि आईचे. मग माती ही सर्व सजीवांची माता कशी, यावर दोन पानं. मग मराठवाड्याचा इतिहास. बोलता बोलता माझेच डोळे भरून आले.

मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा वेसनं स्टिअरिंगवर थाप मारली. "अप्रतिम! कुसुम, मी हेलावून गेलो. खरंच. एक शब्द बदलू नकोस."

ब्रॉन शेजारी पाय वर घेऊन बसली होती. तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "सात मिनिटं झाली, कझ. माती कधी येते?"

"म्हणजे?"

"म्हणजे बारातली सात गेली. अजून माती आली नाही. ते म्हातारे जेवून येणार. तुझे आभार संपेपर्यंत घोरायला लागतील."

"आमच्याकडे आधी आभार मानतात," मी म्हणाले. "ज्यांनी घडवलं त्यांना विसरून आम्ही उभं राहत नाही."

"विसर कुठं म्हणते? त्यांना पत्र लिही."

मी पानं पिशवीत घातली आणि आओमोरीच्या धक्क्यापर्यंत ती पोटाशी धरून बसले. बोटीत उतारू गालिच्यावर ओळीनं आडवे झाले होते. समुद्र खवळलेला. वेस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नकोस. तुझं भाषण मनापासून आहे, तेच महत्त्वाचं." मला ते औषधासारखं वाटलं. अर्ध्या समुद्रात मला उलट्या सुरू झाल्या. तेव्हा कागदी पिशवी कुणी धरली तर ब्रॉननं. माझी वेणी मागे धरून, पाठ चोळत ती म्हणत होती, "काढ, काढ. जमलं तर ती एकोणीस पानंही काढ." मी ओकत असताना मला तिचा इतका संताप आला की उलटी थांबली.

आज वाटतं, किती आंधळी होते मी. अण्णांच्या हाताखाली चोवीस वर्षं काढलेली मुलगी, आणि मला ती भाषा ओळखू आली नाही, कारण ती गोऱ्या बाईच्या तोंडून आली. वेसचं गोड बोलणं मात्र मी अस्सल पावतीसारखं जपून ठेवलं, कारण तसलं कुणी मला आयुष्यात दिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हाकोदातेच्या बंदरातून निघालो. होक्काइदोच्या आत शिरलो आणि दोघेही बदलले. आभाळ एकदम मोठं झालं, रस्ता सरळ, कडेला बटाट्याची आणि बीटची शेतं क्षितिजापर्यंत. वेस म्हणाला, "हे नेब्रास्काच आहे!" ब्रॉन म्हणाली, "हं, नेब्रास्काला कुणी आंघोळ घातली तर." ती गाणं गुणगुणायला लागली. समोरून आलेल्या एका दुधाच्या टँकरवाल्यानं तिच्या बोटाच्या उत्तरादाखल स्टिअरिंगवरून अख्खा हात उचलला, तेव्हा तिनं आनंदानं हॉर्न वाजवला. माझाही राग पातळ होत होता, पण मी तो मुद्दाम धरून होते.

दुपारी एका टेकडीच्या पोटातून नवा रस्ता काढलेला दिसला आणि ब्रॉननं करकचून ब्रेक मारला. कापलेली टेकडी दिसली की मातीवाले थांबतात. त्याला इलाज नाही. दोन पुरुष उंचीची ताजी भिंत होती. वर काळा थर, मग फिकट पिवळ्या राखेची रेघ, खाली पुन्हा काळा, पुन्हा पिवळा. प्रत्येक पिवळी रेघ म्हणजे ज्वालामुखीचा एकेक उद्रेक. मी धावलेच. वेणी खोचून बोटांनी माती काढली, चिमटीत चोळली, पाणी हवं म्हणून ओरडले. ब्रॉननं कॅनचं बूच उघडून ओंजळीत पाणी ओतलं. मी मातीचा गोळा करत बसले होते, इतक्यात एक छोटा ट्रक येऊन थांबला. आतून फुलाफुलांची टोपी घातलेली एक म्हातारी उतरली. शेजारचं बटाट्याचं शेत तिचं.

"काही हरवलं का?" तिनं विचारलं.

"नाही, आजी. माती बघतोय," मी माझ्या मोडक्या जपानीत म्हणाले.

"ती रोजच असते इथे. त्यात काय बघायचं?"

मी तिच्यापुढे गोळा धरला. म्हटलं, माझ्या गावची मातीही अशीच काळी आहे. पण तिचा गोळा केला तर हाताला चिकटून बसतो, वळी वळता येते. हा बघा, वळी होत नाही, मोडतो. माझ्या गावी उन्हाळ्यात जमीन एवढी फाटते की वासराचा पाय अडकतो. म्हातारी म्हणाली, "अरे देवा, आणि मग?" मग पाणी मिळालं की फुगते आणि भेग मिटते, मी सांगितलं, पूर्वीसारखी होते. तुमची फाटत नाही. पण मी प्रयोगशाळेत पाहिलं, तुमची एकदा पुरती वाळली ना, की नंतर कितीही पाणी घाला, ती पहिल्यासारखी पाणी धरत नाही. म्हातारी ऐकता ऐकता खाली बसली. मग म्हणाली, "आमच्या वरच्या तुकड्याचं तेच झालं. एक वर्ष उघडा ठेवला, वाऱ्यानं वाळला. तेव्हापासून बटाटा लहानच येतो. मी मुलाला म्हणत होते, तर तो म्हणे खत कमी पडतंय." ती ट्रककडे गेली, टोपलीभर बटाटे आमच्या व्हॅनमध्ये ओतले आणि मला म्हणाली, "त्या मुलाला हे सांगायला तू घरीच ये."

ट्रक गेला. मी हात धूत होते. ब्रॉन घड्याळाकडे बघत होती.

"साडेचार मिनिटं," ती म्हणाली. "बाई सत्तरीची, कामाच्या घाईत, आणि खाली बसून ऐकलं तिनं. तुला माहितेय ना काय करायचं?"

मला माहीत होतं. आणि त्याच क्षणी मला दुसरी गोष्ट कळली. मी वेसकडे वळले. "वेस, खरं सांग. माझं भाषण लांबलं होतं?"

वेसचे कान लाल झाले. "थोडंसं."

"थोडंसं?"

"बरंच. मला वाटलं, एकोणीस पानं बारा मिनिटांत होणारच नाहीत."

"मग एक शब्द बदलू नकोस का म्हणालास? इथे माझी पुढची तीन वर्षं अडकलीत!"

"तू घाबरलेली होतीस, कुसुम," तो म्हणाला. "आमच्या घरी कुणी स्टेजवर चढायला निघालं की आम्ही आधी टाळ्या वाजवतो. चढायचं बळ यावं म्हणून. मी तुला फसवत नव्हतो. मला खरंच वाटत होतं की तू चढशील."

"आमच्या घरी," ब्रॉन म्हणाली, "आधी स्टेजची फळी तुटकी आहे ते सांगतात. पडल्यावर मग सगळे हसतात." मग भिंतीकडे बघत, "नंतर उचलतातही."

मी हसले की रडले ते आठवत नाही. दोघांच्याही घरचं मला पटत होतं. मी व्हॅनच्या मागच्या सीटवर बसले, एकोणीस पानं उलटी करून मांडीवर घेतली आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. घाटात धुकं होतं, गाडी वळणं घेत होती, वेसचे वायपर पहिल्यांदाच कामाचे ठरले होते. मी ओळ लिहून मोठ्यानं वाचायची, वेस म्हणायचा "छान, पुढे", ब्रॉन म्हणायची "कशाला?" जिथे 'कशाला'चं उत्तर मिळत नसे ती ओळ मी कापायची. घाट उतरेपर्यंत तीन पानं उरली. आभाराची एकही ओळ राहिली नाही, आणि ती शेवटची ओळ कापताना मला अण्णांकडे पाठ फिरवल्यासारखं वाटलं. ते आजही लिहिताना वाटतं.

परिषदेचा हॉल मोठा होता. सेनसेई तिसऱ्या ओळीत, डोळे मिटून बसलेले. जपानी प्राध्यापक असे बसले की झोपले आहेत की ऐकताहेत ते देवालाच ठाऊक. मी निळी सुती साडी आणि त्याखाली बूट अशी उभी राहिले. पाठ केलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे पहिलं वाक्य तोंडाशी येईना. समोर नुसती डोकी. मग पहिल्याच ओळीत वेस दिसला. मी तोंड उघडण्याआधीच तो मान डोलवत होता, चेहऱ्यावर एवढं मोठं हसू. त्याच्याकडे पाहून मी बोलले, "या दोन्ही मात्या काळ्या आहेत. एक फाटते आणि सांधते. दुसरी फाटत नाही, पण एकदा वाळली की परत येत नाही." त्यानंतर मी थांबले नाही. प्रोजेक्टरवर माझे आलेख बदलत गेले. ब्रॉन अगदी मागे भिंतीला टेकून, हात बांधून उभी होती. घंटा वाजली तेव्हा माझं शेवटचं वाक्य संपत होतं.

प्रश्न एकच आला. क्यूशू बेटाहून आलेल्या एका वृद्ध प्राध्यापकांनी विचारलं, "प्रयोगशाळेत ठीक आहे. पण शेतात, दोन-चार हंगाम हळूहळू वाळत गेली तर हेच होतं का?" शाळेतल्या वक्तृत्वात निरुत्तर होणं म्हणजे नाक कापलं जाणं. माझ्याकडे तयार, गोल गोल उत्तर होतंसुद्धा. मी हातातल्या पानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही. माझ्याकडे एकाच हंगामाची मोजणी आहे. ते शेतातच शोधावं लागेल." वृद्ध प्राध्यापक "हं" म्हणाले आणि खाली बसले. सेनसेईंचे डोळे अजून मिटलेलेच.

बाहेरच्या लांब, चकचकीत पॅसेजमध्ये आम्ही तिघे उभे होतो. 'मला माहीत नाही' असं म्हणून मी स्वतःच परतीचं तिकीट काढलं, असं मला वाटत होतं. सेनसेई बाहेर आले. मी वाकून नमस्कार केला. भाषणाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. माझ्या बुटांकडे पाहत राहिले.

"कुसुम-सान, तुमच्या पायाचा नंबर किती?"

साडीखाली बूट घातले म्हणून रागावले, असंच मला वाटलं. "चार," मी घाबरत म्हणाले.

"चार?" जपानमध्ये पाय सेंटिमीटरमध्ये मोजतात, चार सेंटिमीटरचा पाय बाहुलीचा. ते गोंधळून वेसकडे पाहायला लागले. वेसच्या खिशात थर मोजायची पट्टी कायम असायची. तो तिथेच गुडघ्यावर बसला. मी बूट काढला, पाय पट्टीवर ठेवला. "साडेबावीस," वेसनं वाचलं.

सेनसेईंनी छोटी वही काढून आकडा लिहिला. "प्रयोगशाळेतले गमबूट सगळे मोठे आहेत," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये शेतात फार चिखल असतो. इतका लहान नंबर आतापासून मागवून ठेवायला हवा." वही खिशात घातली, मान किंचित लववली आणि ते जेवणाच्या हॉलकडे निघून गेले.

माझी शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती. मी महिने बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. वेसला माझ्याआधी कळलं होतं. तो जमिनीवर बसल्या बसल्याच दोन्ही हात वर करून ओरडला, आणि पॅसेजमधले पंधरा-वीस प्राध्यापक चहाचे कप धरून जागच्या जागी थबकले. ब्रॉननं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत, आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली. वेस पट्टी गुंडाळायला लागला.

"थांब," मी म्हणाले आणि दुसरा बूट काढला. "हाही मोज. चिखलात निघून यायला नकोत."